'खरेदीत प्राधान्य' म्हणजे नेमकं किती? रिसायकल माल आणि निविदेतली मराठी

मसुदेवाली:
एका नगरपालिकेच्या खरेदी धोरणाचं मराठी करायचं काम घेतलंय, आणि त्यात एक वाक्य दर दोन पानांनी येतं, दर वेळी तिथेच गाडी अडते. मूळ मजकूर असा की रिसायकल केलेल्या मालापासून बनवलेल्या वस्तूंना खरेदीत प्रेफरन्स द्यायचा. आधी कुणीतरी केलेलं मराठी असं आहे : "पुनर्वापर केलेल्या साहित्याच्या वस्तूंना प्राधान्य देण्यात यावे." वाचायला गुळगुळीत आहे पण भांडार विभागातल्या माणसाने उद्या सकाळी टेबलावर बसून नक्की काय करायचं ते यातून कळत नाही. 'पुनर्वापर' आणि 'प्राधान्य' या दोन शब्दांवर मतं हवीत. 'अग्रक्रम', 'पसंती', 'अधिमान' सगळं सुचवून झालंय, पण शब्द बदलून काम भागेल असं वाटत नाही.

पाठकोरा:
पुनर्वापर आधी काढा हो. पेपरवाले रीयूज आणि रिसायकल दोन्हीला पुनर्वापर लिहितात, बातमीत चालून जातं. निविदेत "पुनर्वापर केलेला कागद" लिहिलात तर एखादा महाभाग एका बाजूने छापलेले पाठकोरे कागद रिमात बांधून आणून देईल आणि शब्दावर बोट ठेवून बिलही पास करून घेईल. बाटली धुवून परत भरली तर पुनर्वापर, बाटली फोडून वितळवून नवी काच केली तर पुनर्प्रक्रिया. पुनर्चक्रण हिंदीतून आल्यासारखा वाटतो, पण हल्ली सरकारी कागदांत दिसतो, तोही चालेल, फक्त एकाच धोरणात तिन्ही नकोत. पान ४ वर पुनर्चक्रण आणि पान ९ वर पुनर्प्रक्रिया दिसलं की वकील म्हणणार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खडीवाला:
सरळ 'रिसायकल केलेला' लिहा की राव. साइटवर पुनर्चक्रित म्हटलं तर मुकादम तोंडाकडे बघत बसतो. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला आधीच नाव आहे, पाडकामाचा माल पुण्यात राडारोडा आणि मुंबईत डेब्रिज, प्लास्टिकवाल्यांकडे रिप्रोसेस दाणा (जुनं प्लास्टिक वितळवून केलेला) आणि व्हर्जिन दाणा (कोरा), कागदवाल्यांकडे रद्दी आणि कातरण. हे शब्द व्याख्येच्या कलमात घातले तर निविदा भरणाऱ्याला तरी कळेल आपण कशाबद्दल बोलतोय.

मसुदेवाली:
राडारोडा व्याख्येत टाकायला मला आवडेलच, साहेब लोक काय म्हणतील ते बघू. पण रद्दी आणि कातरण यात फरक करायचा का? मूळ मजकुरात 'पोस्ट कन्झ्युमर' असा शब्द आहे, त्याचं आधीचं मराठी 'ग्राहकोत्तर' असं आहे. ग्राहकोत्तर!! मरणोत्तर पुरस्कारासारखं वाटतं.

फ्रीमाँटचा_बंड्या:
हा फरक करायलाच पाहिजे, सगळं भांडण तिथेच होतं. इथे अमेरिकेत १९७६ च्या आरसीआरए या कचऱ्याविषयीच्या कायद्याचं कलम ६००२ आहे, केंद्र सरकारच्या खात्यांनी ठरावीक वस्तू घेताना त्यात परत मिळवलेल्या मालाचं प्रमाण जमेल तितकं जास्त असलं पाहिजे असं ते सांगतं. कायद्याचा शब्द 'रिकव्हर्ड मटेरियल्स' आहे, म्हणजे पुनर्प्राप्त साहित्य, आणि तो रिसायकलपेक्षा पसरट आहे. पोस्ट कन्झ्युमर हा त्यातलाच छोटा गट, लोकांनी वापरून टाकलेला माल. १९९३ मध्ये क्लिंटनच्या आदेशाने सरकारी छपाईच्या कागदाला आधी २० टक्के आणि १९९८ संपेपर्यंत ३० टक्के ही अट घातली ती या वापरून टाकलेल्या कागदाची होती, नुसत्या 'रिसायकल'ची नव्हती. कारण गिरणीत कागद कापताना जे तुकडे पडतात ते गिरणीवाले तसेही लगद्यात परत टाकतच आले आहेत, त्याला रिसायकल म्हणून सरकारी ऑर्डर द्यायची म्हणजे जे चाललंच होतं त्याला पैसे मोजायचे. आयएसओ १४०२१ या पर्यावरणाच्या दाव्यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच आहे, त्याच प्रक्रियेत निघालेला आणि त्याच प्रक्रियेत परत जाणारा चुरा रिसायकल प्रमाणात धरत नाहीत.

पाठकोरा:
मग 'वापरून टाकलेला' हाच शब्द झाला की. "वापरून टाकलेल्या मालाचे प्रमाण किमान ३० टक्के." ग्राहकोत्तरला तिथेच मूठमाती. दुसऱ्यासाठी 'कारखान्यातले कातरण'. यावरून आठवलं, पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्या आणि कातरणाचा कागद करते, लाकूड नाही काही नाही, सुंदर कागद असतो. होजिअरीचं कातरण कपडा शिवतानाच पडलेलं, कोणी अंगात घातलेलं नसतं, म्हणजे 'वापरून टाकलेलं' ही कडक अट लावली तर हा कागद बाहेर जातो. पण कातरण एका धंद्यातलं आणि माल दुसऱ्या धंद्यातला, म्हणजे बंड्या म्हणतोय त्या आयएसओच्या हिशोबात ते रिसायकल धरायला हरकत नाही. तेव्हा दोन वेगळे आकडे मागा, एकूण रिसायकल इतके टक्के आणि त्यातलं वापरून टाकलेलं इतके टक्के.

फायलीतला_किडा:
आता प्राधान्यावर येतो, माझं आयुष्य यात गेलंय. "अनुभवी उमेदवारास प्राधान्य देण्यात येईल" हे वाक्य आपण सगळ्यांनी जाहिरातीत वाचलंय आणि ते प्राधान्य किती हे कुणालाच कधी कळलेलं नाही, दोन मार्क की वीस मार्क की नुसता मुलाखतीत चहा. आपल्या कारभारी मराठीत प्राधान्याला आकडाच नसतो, ती एक सदिच्छा असते. खरेदीत मात्र एकाच शब्दाखाली निदान तीन-चार वेगळे व्यवहार चालतात आणि ते पैशाच्या दृष्टीने एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

समजा साध्या कागदाचं रिम २५० ला मिळतंय आणि रिसायकलवाला २६० म्हणतोय. नियम असा असेल की रिसायकलला ५ टक्के जास्त दर चालेल, तर मर्यादा झाली २६२.५०, रिसायकलवाला जिंकला आणि त्याला २६० च मिळणार, वरचे १० रुपये पालिकेच्या खिशातून. हे झालं प्राइस प्रेफरन्स. आता आपल्याकडे लघुउद्योगांसाठी २०१२ चं धोरण आहे त्यात काय आहे बघा. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी आलेला दर, २५० असेल आणि लघुउद्योगवाला १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे २८७.५० पर्यंत असेल, तर त्याला विचारतात की बाबा २५० ला देतोस का, हो म्हणाला तर त्याला ऑर्डरचा २५ टक्के भाग. इथे सरकार एक पैसाही जास्त देत नाही, त्याला फक्त दर खाली आणायची संधी मिळते. हे परचेस प्रेफरन्स. मेक इन इंडियाच्या २०१७ च्या आदेशातही २० टक्क्यांचा जो पट्टा आहे तो याच जातीचा. आणि खादीचं तिसरंच, सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम १५३ म्हणतो की हातसुताची हातमागाची खादी केंद्राच्या खात्यांनी खादी आयोगाकडूनच घ्यायची, तिथे स्पर्धाच नाही, ते आरक्षण. मराठीत या तिन्हींना 'प्राधान्य' लिहून मोकळे!

आणि एक गंमत लक्षात घ्या, त्या नियम १५३ मध्ये खादी-हातमाग आहे, लघुउद्योग आहे, देशी माल आहे, रिसायकल असा गट तिथे नाहीच. म्हणजे तुमच्या पालिकेच्या धोरणाला वरून तयार साचा मिळणार नाही, शब्द तुम्हालाच पाडायचेत.

मसुदेवाली:
हे फारच उपयोगी. मग पहिल्याला 'दरात सूट'?

फायलीतला_किडा:
सूट नको, सूट म्हणजे पुरवठादाराने कमी केलेली किंमत, इथे उलटं आहे. 'दर-अधिमान' पुस्तकी होतं. मी 'जादा दराची मुभा' लिहीन. दुसऱ्याला 'दर जुळवण्याची संधी'. तिसऱ्याला 'राखीव खरेदी'. कंपनी कायद्यातल्या 'अग्रहक्क भागां'वरून कोणी 'अग्रहक्क' सुचवेल, पण इथे तो लिहिलात तर रिसायकलवाला हक्क म्हणून कोर्टात उभा राहील.

परळीकर:
चर्चा छान आहे पण रिसायकल मालाच्या बाबतीत आपल्याकडे ज्याचा खरा उठाव झाला ती राख, आणि तिथे यापैकी एकही प्राधान्य नव्हतं, तिथे सक्ती होती. सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेत कोळशाच्या वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा करायच्या तर २५ टक्के राख मिसळाच असं होतं. २००३ मध्ये ते १०० किलोमीटर झालं, २०१६ मध्ये ३००. आणि मेख होती ती वाहतुकीत, २०१६ च्या दुरुस्तीत पहिल्या १०० किलोमीटरचं भाडं वीज केंद्राने द्यायचं आणि पुढच्या २०० चं निम्मं निम्मं. ३०० किलोमीटरचा घेर परळी, पारस, भुसावळ, एकलहरे, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर या सगळ्यांभोवती काढून बघा, राज्याचा फार मोठा भाग आत येतो. म्हणजे इथे जादा दराचे टक्के नाहीत, एल-वन नाही, नकाशावरचं वर्तुळ आहे. याला मराठीत प्राधान्य म्हणणं म्हणजे पोलिसाच्या शिट्टीला विनंती म्हणण्यासारखं आहे. 'वापराचे बंधन' म्हणा.

बाकी राख रिसायकल धरायची का हा तुमच्या शब्दांच्या लोकांचा प्रश्न. राख आधी कोणी वापरलेलीच नाही, ती जळून उरलेली.

फ्रीमाँटचा_बंड्या:
म्हणूनच तो पसरट शब्द. कलम ६००२ खाली पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, १९८३ मध्ये पहिली खरेदी मार्गदर्शिका काढली ती कागदाची नव्हती, सिमेंट काँक्रीटमधल्या फ्लाय ॲशची, म्हणजे या राखेचीच होती. कागद, रिट्रेड टायर, परत शुद्ध केलेलं वंगण तेल हे सगळं १९८८ च्या सुमारास. तेव्हा पालिकेला राखेच्या विटा यात घ्यायच्या असतील तर व्याख्येत 'रिसायकल केलेले अथवा परत मिळवलेले साहित्य' असं जोडून घ्या, नाहीतर कोणीतरी परळीकरांचाच मुद्दा घेऊन विटा बाद करेल. आणि अजून एक, त्या कायद्यात जादा दराची मुभा नाहीये. दर अवाजवी असेल, माल वेळेत मिळत नसेल किंवा कामाच्या कसोटीला उतरत नसेल तर खात्याला नाही म्हणता येतं. ५ किंवा १० टक्के जादा दराचं प्रकरण ते राज्यांनी केलं, बऱ्याच राज्यांनी, आणि मुख्यतः कागदासाठी.

खडीवाला:
आता मी सांगतो खरं कुठे अडतं ते. तुम्ही प्राधान्य लिहा, मुभा लिहा, बंधन लिहा, खालच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'नवीन' किंवा 'व्हर्जिन मटेरियल' हे दोन शब्द असले की वरचं सगळं धोरण पाण्यात. डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, रिसायकल खडीचा आयटम नसला तर अंदाजपत्रक कशावर करणार, ज्युनियर इंजिनियर कशाला नसती आफत ओढवून घेईल. वास्तविक आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत जुन्या काँक्रीटची खडी चालते असं स्पष्ट आहे, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ पर्यंत (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) २० टक्के, आणि एम १५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के सुद्धा. हे मी सांगितलं तर साइटवर हसतात, "डेब्रिज घालतोय काय कॉलममध्ये" म्हणून. राखेच्या विटेचंही तेच, प्लास्टर धरत नाही म्हणतात, अरे वीट गुळगुळीत आहे तर नीट ओली कर, सांध्याला जाळी मार, मग बघ.

मात्र सगळीकडे एकच काठी नको. पाण्याच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात बाहेरचा रिप्रोसेस दाणा मानकालाच चालत नाही, आणि चालू नयेच, तिथे 'व्हर्जिन' शब्द राहू दे.

फ्रीमाँटचा_बंड्या:
अगदी हेच कलम ६००२ मध्ये आहे, स्पेसिफिकेशनमधून 'व्हर्जिनच हवं' अशा अटी आणि परत मिळवलेल्या मालाला बाद करणाऱ्या अटी काढून टाका म्हणून. प्रेफरन्सची पहिली पायरी म्हणजे आधी दार उघडं करा.

पाठकोरा:
२०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांतलं एक वाक्य शब्दप्रेमींसाठी देतो. सरकारी आणि महापालिकेच्या कंत्राटांत अशा कचऱ्यापासून केलेल्या मालाची खरेदी काही टक्के सक्तीची करावी, आणि कंसात "समजा १०-२०%". कायद्यात 'समजा'! गणिताच्या पेपरात 'समजा क्ष' असतं तसं. किती दिवस मला वाटायचं हा भाषांतराचा घोळ, पण इंग्रजीतच 'से' आहे. सक्तीचं करावं हेही आहे आणि किती ते समजा. यात बंधन की सदिच्छा?

फायलीतला_किडा:
फाइलीत ती सदिच्छाच होते, कारण ऑडिटवाला 'समजा'वर आक्षेप घेऊ शकत नाही. तुमच्या मसुद्यात नेमका आकडा टाका, भले ५ टाका.

मसुदेवाली:
आकडा टाकला तरी तपासायचा कोणी आणि कसा? कागद हातात घेऊन ३० टक्के रद्दी आहे की ३ टक्के कसं कळणार.

पाठकोरा:
नुसतं बघून नाहीच कळत. जपानमध्ये तर सरकारी हरित खरेदीचा कायदा २००० सालीच झालेला, शिस्तीचा देश, आणि तिथे जानेवारी २००८ मध्ये उघड झालं की नववर्षाच्या पोस्टकार्डांत ४० टक्के रिसायकल लगदा हवा असताना प्रत्यक्षात त्याच्या आसपासही नव्हता, निप्पॉन पेपरसकट मोठमोठ्या कंपन्यांनी कबुली दिली. कारण काय तर चांगल्या प्रतीची रद्दी पुरेशी मिळत नव्हती आणि कार्ड पांढरंशुभ्र हवं होतं. म्हणून 'पुरवठादाराचे प्रमाणपत्र' एवढंच लिहून थांबू नका, कच्च्या मालाची खरेदी बिलं तपासायचा अधिकार लिहून ठेवा. आणि शुभ्रतेची अट सैल करा, खडीवाल्यांचा 'व्हर्जिन'चा मुद्दा इथे मागच्या दाराने येतो.

मसुदेवाली:
बरं, सगळ्यांचं घेऊन हे केलंय, बघा :

"अनुसूचीतील वस्तू खरेदी करताना रिसायकल केलेल्या अथवा परत मिळवलेल्या साहित्याचे प्रमाण अनुसूचीत दिलेल्या टक्क्यांपेक्षा कमी नसावे, कागदासाठी त्यातील वापरून टाकलेल्या मालाचे प्रमाण स्वतंत्र नमूद करावे. अशा वस्तूचा दर न्यूनतम दरापेक्षा जास्तीत जास्त ५ टक्के अधिक असला तरी ती घेण्यात यावी. मानकाने मनाई केली नसल्यास तांत्रिक विनिर्देशात 'नवीन' अथवा 'व्हर्जिन' साहित्याची अट घालू नये. वस्तू न घेतल्यास सक्षम प्राधिकाऱ्याने कारण नोंदवावे."

'प्राधान्य' शब्द कुठेही आलेला नाही, शीर्षकात तेवढा ठेवलाय.

परळीकर:
शीर्षकात असू द्या, भाषणाला लागतो.

फायलीतला_किडा:
चांगलं झालंय. दोन दुरुस्त्या. "घेण्यात यावी" मध्ये कोणी घ्यायची ते नाही, "भांडार अधिकाऱ्याने घ्यावी" करा. आणि 'सक्षम प्राधिकारी' काढून पदनाम लिहा, सक्षम प्राधिकारी नावाचा माणूस मला अजून एकाही इमारतीत सापडलेला नाही.