डोंगरावरचे रिपीटर ऑफिसात बसून प्रोग्रॅम करायचे आहेत, काय काय जपावं?

पठारावरचा_वारा:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी लागणारी वायरलेस यंत्रणा मी सांभाळतो. तीन एसएलआर ५५०० रिपीटर (वॉकीटॉकीचा सिग्नल पकडून पुढे जोरात पाठवणारे मोटोरोलाचे संच) आयपी साइट कनेक्टने, म्हणजे आयपी नेटवर्कवरून, एकमेकांना जोडलेत. मास्टर, म्हणजे बाकीच्यांना जोडून देणारा मुख्य रिपीटर, साताऱ्यात ऑफिसला, तिथे फायबर आणि स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आहे. दोन पीअर, म्हणजे मास्टरला जोडलेले रिपीटर, पठारावर, ४जी राउटरवर. आमच्याच फ्रिक्वेन्सीवर लांबची दुसरी यंत्रणा चालते. तिचाही कलर कोड (आपली यंत्रणा ओळखायचा आकडा) १ आणि आमचाही १, त्यामुळे त्यांची बोलणी आमच्या रिपीटरवर उमटतात. कलर कोड बदलायचाय, पण पावसाळ्यात वर जायचं म्हणजे धुक्यात गाडी घालायची. आयपीवरून सीपीएसने (रिपीटर प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) लिहिताना मध्येच नेट गेलं तर? शिवाय सिमवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरमधून आतल्या यंत्राकडे वळवणं) चालतच नाही.

पेणकर_व्हीएचएफ:
फक्त कलर कोडच बदलायचा असेल तर कोडप्लग (रिपीटरची सगळी सेटिंग असलेली फाइल) लिहायची वेळच येऊ देऊ नका. पुढच्या वेळी वर जाल तेव्हा रिपीटरमध्ये दुसरा चॅनल भरून या, बाकी सगळं तेच, कलर कोड नवा. मग खालून आरडॅकने (रिपीटरवर लांबून नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) चॅनल बदला. पॉवर हाय-लो करणं, रिपीटर बंद-चालू करणं, अलार्म बघणं हेही त्यावरून होतं.

खंबाटकी:
पेणकरांचा उपाय चांगला आहे, पण त्यासाठी एकदा वर जावंच लागणार. जाणारच असाल तर कायमची सोय करून या.

दादा, ज्या आयपी सेटिंगवर तुमचं कनेक्शन उभं आहे, तीच सेटिंग त्याच कनेक्शनवरून लिहायची, यात खरा धोका आहे. गेटवे किंवा मास्टरच्या पत्त्यात एक आकडा चुकला की रिपीटर रीस्टार्ट होतो आणि पुन्हा दिसतच नाही. मी प्रत्येक साइटला रिपीटरशेजारी बिनपंख्याचा मिनी पीसी ठेवतो, आणि त्याची यूएसबी केबल रिपीटरच्या पुढच्या पोर्टात कायम लावलेली असते. सीपीएस त्या पीसीवर. आपण खालून फक्त त्याचा स्क्रीन बघायचा. लिहिताना ४जी गेलं तरी डेटा हातभर केबलमधूनच चाललेला असतो, काम पुरं होतं. आणि इथरनेटची सेटिंग बिघडली तरी यूएसबीवरून रिपीटर वाचता येतो, जुना कोडप्लग परत घालता येतो. म्हणून काहीही लिहिण्याआधी रिपीटर वाचून ती फाइल तारखेच्या नावाने त्याच पीसीवर ठेवायची.

मिनी पीसीचं एक सांगतो, कारण इथेच लोक फसतात. सोबत येणारा स्वस्त अडॅप्टर वापरू नका. त्याच्या स्विचिंगचा नॉइज रिसीव्हरमध्ये शिरतो आणि लांबच्या वॉकीटॉकी तुटक यायला लागतात. मग माणूस महिनाभर अँटेना तपासत बसतो. १२ व्होल्टवर चालणारा पीसी घ्या, त्याला साइटच्या बॅटरीवरूनच सप्लाय द्या, केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट (नॉइज अडवणारे मणी) घाला. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग करा.

पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा. ४जी सिमला बहुधा कंपनीच्या नॅटच्या (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) आतला पत्ता मिळतो, बाहेरून तिथे पोचता येत नाही. आतून बाहेर येता येतं, तेवढं पुरे. वरच्या राउटरवरून ऑफिसच्या स्टॅटिक आयपीकडे वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी जोड) काढा, कीपअलाइव्ह (जोड जिवंत ठेवणारा संदेश) २५ सेकंद. रिपीटर किंवा पीसी उघड्या इंटरनेटवर अजिबात ठेवू नका. राउटर मायक्रोटिकचा असेल तर त्यात बदल करण्याआधी कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोडमध्ये जा. कनेक्शन तुटलं तर तो केलेले बदल स्वतःच मागे घेतो.

आता क्रम. रिपीटरला हात लावण्याआधी सगळ्या हँडसेटमध्ये नव्या कलर कोडचे चॅनल भरून घ्या, जुने तसेच राहू द्या. रोमिंग लिस्टमध्येही (साइट बदलली की हँडसेट ज्यातून चॅनल शोधतो ती यादी) नवे चॅनल टाका. टॉवरवर चढलेल्या माणसाच्या हातातला सेट मुका झालेला मला चालत नाही, आणि तुम्हालाही चालू नये. साइट कनेक्टमध्ये प्रत्येक साइटचा कलर कोड वेगळा असला तरी चालतं, त्यामुळे तिन्ही एका दमात बदलायची गरज नाही. एक पीअर लिहा, तो पुन्हा मास्टरला जोडला गेला का ते आरडॅकवर बघा, त्या साइटच्या माणसाला बोलायला लावा, मगच दुसरा. मास्टर शेवटी. तो रीस्टार्ट होत असताना आधीच जोडलेले पीअर एकमेकांशी बोलत राहतात.

फर्मवेअरसाठी मात्र मी अजूनही वर जातो, चिखल असला तरी.

जुना_ऑपरेटर:
खालून बदलता येतंय म्हणून लायसन्समध्ये नसलेली फ्रिक्वेन्सी किंवा जास्त पॉवर घालू नका. डब्ल्यूपीसीच्या (फ्रिक्वेन्सीची परवानगी देणारा सरकारी विभाग) लायसन्समध्ये साइटनिहाय जे लिहिलंय तेच. कलर कोडला अडचण नाही.

पठारावरचा_वारा:
खंबाटकी, मनापासून आभार. फक्त कलर कोडच बदलणार, बाकी लायसन्सप्रमाणेच आहे. एक शंका: पठारावरच्या लॅनला मी १९२.१६८.१०.० ची रेंज दिलीय. मिनी पीसी त्याच लॅनवर असेल. चालेल ना?

खंबाटकी:
नाही चालणार. यूएसबीवर रिपीटर स्वतःच १९२.१६८.१०.१ हा पत्ता घेऊन बसतो. पीसीला दोन्हीकडे तीच रेंज दिसली की त्याचा गोंधळ होतो. कधी रिपीटर सापडत नाही, कधी तुमचा स्क्रीनच जातो. वर गेल्यावर आधी लॅनची रेंज बदला, १९२.१६८.५१.० घ्या हवी तर. मग त्याप्रमाणे रिपीटरचा इथरनेट आयपी आणि गेटवे यूएसबीने लिहा. बोगद्याच्या दोन्ही टोकांचे राउटही बदलावे लागतील. हे सगळं तिथे उभं राहूनच करा, आणि खाली उतरण्याआधी ऑफिसातल्या माणसाकडून एकदा रिपीटर वाचून घ्या.