आपोआप उगवलेलं फळझाड: ठेवायचं की उपटायचं?

पानगळ:
हिवाळ्यात पाणी गोठतं अशा थंड हवामानाच्या वस्त्यांमधे कधी भिंतीच्या फटीत अंजीर दिसतं, कधी रस्त्याकडेला पीच, आणि कुणीही लावलेलं नसतं. लोक काय करतात तर लगेच उपटतात, कारण काय तर "हे इथलं नाही". मला हे अजिबात पटत नाही. जे झाड दोन-तीन कडक हिवाळे काढून स्वतःच्या बळावर उभं आहे त्याला राहू द्यावं. इंग्लंडमधल्या शेफील्डला डॉन नदीच्या काठी अंजिराची मोठाली झाडं आहेत, तीही कुणी लावलेली नाहीत. पोलादाचे कारखाने नदीचं पाणी थंड करण्यासाठी घ्यायचे आणि गरम झालेलं परत सोडायचे, त्यामुळे नदी २० अंशांच्या आसपास राहायची, आणि सांडपाण्यातून आलेल्या अंजिराच्या बिया (म्हणजे माणसांनी खाल्लेल्या अंजिरांच्याच) काठाला लागून त्या उबेत रुजायच्या. कारखाने गेले, नदी गार झाली, नवी रोपं यायची थांबली पण जुनी झाडं आहेतच. ऑलिव्हर गिल्बर्ट नावाच्या शहरी निसर्गाच्या अभ्यासकाने हे सगळं नोंदवून ठेवलं म्हणून आज कळतंय, नाहीतर ती झाडं सुद्धा कचरा म्हणूनच गेली असती. शहराचा एवढा इतिहास दुसऱ्या कुठल्या झाडात सापडेल?

काटेकुंपण:
पूर्ण असहमत. गोड फळ दिसलं की लोक विरघळतात आणि तिथेच घोटाळा होतो. हिमालयन ब्लॅकबेरी बघा, काळ्या फळांचं काटेरी झुडूप. वनस्पतींच्या नव्या जाती तयार करणाऱ्या ल्यूथर बरबँकने १८८५ मधे ती अमेरिकेत आणली, बी भारतातून आलं होतं म्हणून नाव हिमालयन पडलं, मूळची ती आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. आता अमेरिकेच्या वायव्येकडच्या ओरेगन, वॉशिंग्टन राज्यांत नदीकाठच्या नदीकाठ तिने गिळलेत. फांदीचं टोक वाकून मातीला टेकलं की तिथे नवीन मुळं, शिवाय पक्षी बिया नेतात ते वेगळंच. तिच्या खाली दुसरं काही उगवत नाही. सुरुवातीला ती पण कुणाच्या तरी परसातली "छान, राहू दे" झुडपंच होती ना.

पानगळ:
पण ती आपोआप आली नव्हती, मुद्दाम आणून, विकून, लावून पसरवली! ब्रिटनमधलं अंजीर तसं पसरूच शकत नाही. अंजिरात रुजणारं बी धरायला एक विशिष्ट बारीक गांधीलमाशी लागते, ती तिथे नाही. म्हणजे तिथलं प्रत्येक रानटी अंजीर बाहेरून आलेल्या फळाच्या बीपासूनचं, त्याला पुढे वंश नाही. अशा झाडाची कसली भीती?

काटेकुंपण:
आणि जिथे माशी आहे तिथे? कॅलिफोर्नियात अंजिराच्या बागायतीसाठी ती माशी १८९९ मधे नेऊन सोडली आणि आता तेच अंजीर तिथल्या नदीकाठच्या जंगलात घुसून दाट झाडोरा करतं, मूळची झाडं मागे पडतात. झाड एकच, एका देशात निरुपद्रवी आणि दुसऱ्यात डोकेदुखी. म्हणून "हिवाळा काढला की ठेवा" हा नियमच चुकीचा आहे. उलट जे हिवाळा काढतं तेच पुढे पसरतं. टोमॅटो बघा, त्याचं बी माणसाच्या पोटातून आणि मैलापाणी प्रक्रियेतून सुद्धा जिवंत बाहेर येतं, कुठेही उगवतं, पण पहिल्या हिमात मरतं. त्याची काळजी कुणालाच नको.

डोळाकलम:
दोघंही झाडाबद्दल बोलताय, फळाबद्दल कुणीच नाही. बीपासून आलेल्या अंजिरात साधारण निम्मी नर निघतात, त्यांची फळं खाण्यालायक नसतात, आणि उरलेल्या मादी झाडांपैकी बऱ्याच जणांची फळं माशीशिवाय पिकण्याआधीच गळून जातात. वर्षानुवर्षं सांभाळायचं आणि हाती काही नाही. सफरचंदही बीपासून आई-झाडासारखं येत नाही, बहुतेकदा आंबट किंवा तुरट. पीच मात्र जरूर ठेवा, कोयीपासून बऱ्यापैकी मूळ झाडासारखंच येतं, तीन-चार वर्षात फळतं, आणि थंडी तर त्याला लागतेच.
अजून एक, काटेरी तीन-तीन पानांचं लिंबाच्या जातीचं झाड थंडीत टिकलं म्हणून लोक हरखून जातात. ते बहुतेक वेळा तीनपानी संत्रं असतं, उणे २० अंशांच्या आसपासची थंडी सोसतं म्हणून संत्र्या-मोसंब्यांना खुंट म्हणून वापरतात. वरचं कलम थंडीने मेलं की खालचा खुंट फुटतो आणि घरच्यांना वाटतं आपलं संत्रं वाचलं. फळ बियांनी भरलेलं, कडू-आंबट. अमेरिकेच्या आग्नेय भागात ते रानात पसरलंय सुद्धा.

ऋतुगंध:
मला वाटतं इथे सगळ्यांनीच गृहीत धरलंय की अनपेक्षित म्हणजे परकं. माझा आक्षेप त्यालाच आहे. पूर्व उत्तर अमेरिकेत पॉपॉ नावाचं झाड आहे, चक्क सीताफळाच्या कुळातलं, मोठी लोंबती पानं, मऊ पिवळा गर, आणि ते पार कॅनडातल्या दक्षिण ओंटारिओपर्यंत मूळचंच आहे! बी रुजायला आधी तीन-चार महिने गारठा आणि ओल लागते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, शेपटीवाल्या एका फुलपाखराच्या अळ्या फक्त याच्याच वंशातल्या झाडांची पानं खातात. तसंच आपल्या कृष्णकमळाच्या वंशातला मेपॉप, हिवाळ्यात जमिनीलगत मरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मुळातून परत येतो, तोही अमेरिकेच्या आग्नेय भागातला मूळ रहिवासी. पानं उष्ण प्रदेशातल्यासारखी दिसतात म्हणून लोक यांनाच परके समजून खणून काढतात आणि शेजारची ब्लॅकबेरी ओळखीची म्हणून ठेवतात. काटेकुंपण यांचं "जे हिवाळा काढतं तेच पसरतं" डोळे झाकून लावलं तर जे वाचवायचं तेच आधी जाईल.

काटेकुंपण:
पॉपॉ उपटा असं मी कुठे म्हटलं? जिथे मूळचं आहे तिथे राहूच दे. पण दहापैकी नऊ लोकांना ते ओळखता येत नाही, त्यांना "ठेवा" सांगितलं तर ते सगळंच ठेवतात.

डोळाकलम:
ठेवतात आणि खातातही, ते जास्त धोक्याचं. रानद्राक्षासारखी जांभळी फळं येणारी मूनसीड नावाची वेल आहे, गुळवेलीच्या कुळातली, विषारी. द्राक्षाला तणावे असतात, हिला नसतात, आणि फळ फोडलं तर आत चंद्रकोरीसारखी एकच चपटी बी, द्राक्षात दोन-चार. पॉपॉसुद्धा काहींच्या पोटाला सोसत नाही आणि त्याच्या बिया खायच्याच नाहीत. जुन्या घरांच्या भिंतीलगत रंगातलं शिसं मातीत असतं, तिथली फळं नीट धुवावीत.

पानगळ:
मग उपटण्याऐवजी ओळखायला शिकवा की. वर्षभर थांबायला काय जातं? पान, फूल, फळ तिन्ही बघून ठरवता येतं.

काटेकुंपण:
ब्लॅकबेरीच्या बाबतीत वर्षभरात फांद्या टेकून चार नवी झुडपं झालेली असतात. पीच असेल तर खुशाल थांबा. पण पक्षी खातात अशी बारीक फळं येणारं काटेरी झुडूप नदी-ओढ्याजवळ दिसलं तर फळ पिकायच्या आधी मुळासकट काढा, यात मी मागे हटणार नाही.