मदत हवी आहे: जुन्या रेसरमध्ये नवीन चाक बसत नाहीये

धंतोलीकर: काकांची जुनी रॅली कंपनीची रेसर सायकल आहे. रंग करून घेतला, नवीन 11 स्पीडचं चाक आणलं. दोन दिवसांपासून झटून राहिलो, मागे बसतच नाही. रविवारी रामटेकला जायचंय. एक्सल घासून कमी करू का? लवकर सांगा.

छर्रे: घासू नका! चाक बसतं तिथलं आतलं अंतर किती? फ्रेम स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची? आधी किती गिअर होते?

एकचगिअर: गिअर काढूनच टाका भाऊ. मी सहा वर्षांपासून सिंगल स्पीड चालवतो. नागपूर सपाट आहे.

फुटाळा_राइडर: सपाट? मे महिन्यात सेमिनरी हिल्स चढून पाहा.

एकचगिअर: रोज चढतो.

धंतोलीकर: गिअर हवेतच. आधी सहा होते. अंतर 126 मिमी. चुंबक चिकटतो.

छर्रे: म्हणजे स्टील. नवीन चाकाचं हब (मधला भाग) 130 मिमीचं. चारच मिमी रुंद करायचंय, पण दोन्ही बाजू सारख्याच वाकायला हव्यात. चाक बसतं तिथल्या एका टोकापासून दोरी हेडट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून बांधा. सीटट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोन्हीकडे सारखं अंतर आलं पाहिजे. मग हँगर (मागचा गिअर लटकतो तो भाग) सरळ करून घ्या. अ‍ॅल्युमिनियम असतं तर हात लावू नका म्हटलं असतं, तडा जातो.

जुनं_लोखंड: क्रँक (पेडलचा दांडा) बदलणार असाल तर बीबीचे, म्हणजे क्रँक फिरतो त्या मधल्या धुरीच्या जागेचे, आटे मोजा. नॉटिंगहॅमच्या काही जुन्या रॅलींना इंचाला 26 आटे असतात, आजच्या बीबीला 24. जबरदस्ती केली तर आटे जातील.

फुटाळा_राइडर: टायर ट्यूबलेस घ्या, काटे लई आहेत.

धंतोलीकर: क्रँक जुनाच ठेवतोय. इतवारीतल्या एका मिस्त्रीकाकांनी दोरी लावून वाकवलं, चाक बसलं! पण ब्रेकचं रबर अर्धं टायरवर येऊन राहिलं.

छर्रे: असं चालवू नका, टायर फाटेल. जुनं चाक 27 इंची होतं का?

धंतोलीकर: हो. सांगायचं होतं का?

छर्रे: तेच तर आधी सांगायचं! त्याची रिम 630 मिमी व्यासाची, तुमच्या नवीन 700सी मापाच्या चाकाची 622. व्यासात आठचा फरक, म्हणून रबर चार मिमी खाली यायला हवं.

धंतोलीकर: रबर ब्रेकच्या खाचेत अगदी तळाला टेकलंय.

छर्रे: मग लांब हाताचा ब्रेक घ्या, 47 ते 57 मिमीपर्यंत पोहोचणारा. नेहमीचा 49 लाच संपतो. आणि तुमच्या ब्रेकचा नट पाहा, तसाच ब्रेक लागेल. नवीन ब्रेकचा नट फ्रेमच्या भोकात आत बसतो, जुन्याचा बाहेर राहतो.

धंतोलीकर: बाहेरचाच आहे. उद्या बर्डीत विचारतो. रामटेक पुढच्या रविवारी.