तिसरी जपानात, चौथी कोल्हापुरात: लेकीच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तिला काय सांगू?

सईची आई (राजारामपुरी)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे मिस्टर शिरोलीच्या एका फौंड्रीत आहेत. कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी जपानला पाठवलं, नागोयाजवळ. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. सईची पहिली ते तिसरी तिकडच्या साध्या सरकारी शाळेत झाली. मार्चमध्ये तिसरी संपली, आम्ही परत आलो आणि जूनमध्ये तिला इथे मराठी शाळेत चौथीला घातलं.

मला धास्ती होती अभ्यासाची. तिकडे दुसरीत पाढे घेतात, पण नऊ गुणिले नऊपर्यंतच. इथे वर्गातली मुलं एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणतात. ते सासूबाईंनी मनावर घेतलंय, रोज संध्याकाळी दिवा लावला की दोघी पाढे म्हणत बसतात. लिहिण्याचं मात्र अवघड आहे. तिकडे प्रत्येक अक्षर चौकटीत लिहायचं असतं. सई मराठीतही प्रत्येक अक्षर वेगळं काढते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी रेघ मारते. ‘कोल्हापूर’ लिहिताना ‘ल्हा’चे दोन तुकडे होतात आणि मध्ये बोटभर जागा राहते. होईल हळूहळू.

प्रश्न वेगळाच आहे. तिकडे मुलं शाळा स्वतः साफ करतात. जेवण झालं की स्पीकरवर गाणं लागतं आणि पंधरा-वीस मिनिटं सगळी कामाला लागतात. कुणी फळा, कुणी जिना, कुणी संडास. वर्गशिक्षिकाही फडकं घेऊन बरोबर असतात. वर्षाच्या सुरुवातीला शाळेची चिठ्ठी यायची, जुन्या टॉवेलचं पुसणं शिवून पाठवा म्हणून. मुलं ओळीत वाकतात, दोन्ही तळहात फडक्यावर टेकवतात आणि कंबर वर करून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जातात. जेवणही वर्गातच. पांढरा ॲप्रन आणि टोपी घालून मुलंच सूप, भात वाढतात, बाईही तेच जेवतात. आपण ‘वदनी कवळ घेता’ म्हणतो, तशी तीही हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतात आणि मगच पहिला घास घेतात.

तर इथे शाळेच्या दुसऱ्याच आठवड्यात डबा झाल्यावर सईने दप्तरातून फडकं काढलं, ओलं केलं आणि आपल्या ओळीची फरशी पुसायला घेतली. मावशी धावत आल्या. ‘बाळ, मला बोलणी बसतील,’ म्हणून त्यांनी ते काढून घेतलं. बाई म्हणाल्या, ‘हे तुझं काम नव्हे.’ दोघींनीही मायेनेच सांगितलं. पण मुलांनी ‘ए झाडूवाली’ म्हणून चिडवायला सुरुवात केली. घरी येऊन तिने मला विचारलं, ‘आई, मग हे कुणाचं काम?’

मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस झाले, तोच प्रश्न डोक्यात आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?

फुलेवाडीची

ताई, तुमचं म्हणणं कळतंय, पण मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझी आई दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करायची. शाळेत वर्ग झाडायचा असला की बाई माझ्याकडे आणि अजून एका मुलीकडेच बघायच्या. डॉक्टरांच्या मुलीला कधी झाडू दिला नाही. म्हणायच्या, ‘तुला सवय आहे, तू पटकन करशील.’ मी चौथीत होते. त्या वाक्याने अजून पोटात कालवतं.

म्हणून माझ्या मुलाच्या शाळेत कुणी झाडू हातात दिला तर मी भांडायला जाईन. तिकडे सगळी करतात म्हणून ते शोभतं. इथे कोण करणार हे आधीच ठरलेलं असतं.

स्टुटगार्टकर

मी मूळचा शिवाजी पेठेतला. सईला माझा आशीर्वाद सांगा.

आमच्या इथे जर्मनीत वर्ग साफ करायला माणसं येतात. मुलं सुटताना फक्त खुर्च्या बाकावर उलट्या ठेवतात, आणि वर्गात जाताना घरच्या चपला घालतात. माझा मुलगाही चौथीत आहे. इथल्या प्राथमिक शाळेत चौथी हे शेवटचं वर्ष. त्यानंतर कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते ठरतं, त्यामुळे दहा वर्षांच्या पोराच्या घरी आपल्या दहावीसारखं वातावरण असतं. हे मला अजिबात पटत नाही. इतक्या लहान वयात वाट ठरवायची घाई कशाला?

पण एक गोष्ट मनापासून आवडली. चौथीत मुलांना सायकल शिकवायला पोलीस येतात. हात दाखवून वळायचं कसं, आधी कुणाला जाऊ द्यायचं, सगळं रस्त्यासारखं आखून घेतात, मग लेखी आणि सायकलवरची अशी परीक्षा. माझ्या मुलाने आदल्या रात्री हेल्मेट उशाशी ठेवलं होतं. मी दाभोळकर कॉर्नरवरून सायकल मारत शाळेत गेलेला माणूस, मला हे कुणीच शिकवलं नाही.

आणि पहिलीच्या पहिल्या दिवशी आई-बाप पुठ्ठ्याचा मोठा शंकू करून देतात, त्यात खाऊ, पेन्सिली, रंग. माझ्या मुलाच्या त्या दिवसासाठी मी पाटी पाठव म्हटलं असतं तर आईने पाठवलीच असती, पण तिने तिकडून आपणहून पाठवली. दसऱ्याला आपण एक आकड्यांची सरस्वती काढून पाटीपूजन करतो ना, तशी ती मुलाने काढली.

निवृत्त गुरुजी (कागल तालुका)

सईच्या आई, आणि फुलेवाडीच्या ताई, दोघींचंही वाचलं. दोघींचंही खरं आहे.

मी साठच्या दशकात खेड्यातल्या शाळेत शिकलो. शनिवारी शाळा सारवायची असायची. पोरींनी शेण कालवायचं, पोरांनी ओढ्यावरनं पाणी आणायचं. आम्हाला मजा वाटायची. पण दोन पोरं आत यायचीच नाहीत, त्यांना बाहेरचं अंगण झाडायला लावायचे. ती आत का येत नाहीत हे मला त्या वयात कळलं नाही. कळलं तेव्हा मी स्वतः मास्तर झालो होतो, आणि त्यातला एक माझ्याच शाळेत पोराला घालायला आला होता.

आणि हे कुठं, तर एके काळच्या आपल्या कोल्हापूर संस्थानात! शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या आई-बापाला महिन्याला रुपया दंड ठेवला. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवा म्हणून हुकूम काढला. एका शाळेत बसली पोरं, पण झाडू कुणाच्या हातात द्यायचा ते मास्तरच्या मनावर राहिलं. तिथं आम्ही चुकलो.

मी पुढं एक केलं. हजेरीपटाच्या क्रमानं पाच-पाच पोरं, मुलगे-मुली असं वेगळं नाही. सरपंचाचा नातू असला तरी त्याचा नंबर चुकायचा नाही. सोमवारचा पहिला झाडू मी मारायचो. पहिल्या महिन्यात दोन पालक भांडायला आले. त्यांना म्हटलं, उद्या या आणि बघा. आले, मला झाडताना बघितलं, चहा पिऊन गेले. जपानातल्या त्या बाई फडकं घेऊन पोरांबरोबर वाकतात म्हणता ना, सगळं त्यात आलं बघा. नुसत्या पोरांना लावलं तर ती वेठ होते.

सईला सांगा, तुझा प्रश्न बरोबर आहे. पण एकटीनं पुसू नको.

सईची आई (राजारामपुरी)

गुरुजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आमच्याही शाळेत असंच होतं.

फुलेवाडीच्या ताई, राग कसला! तुमचं वाचून मला माझीच शाळा आठवली. आम्हीही वर्ग झाडायचो आणि मला वाटायचं की सगळीच झाडायची. आता एकेक चेहरा आठवून बघतेय, तर तसं नव्हतं. सईने ‘कुणाचं काम’ विचारलं तेव्हा मी का गप्प झाले ते आता कळतंय.

काल वर्गशिक्षिकांना भेटले. एकट्या सईला परवानगी द्या असं मागायला गेले होते, ते मागितलंच नाही. हजेरीपटाच्या क्रमाची गुरुजींची पद्धत सांगितली, बाईंनीही पुसायचं हेही सांगितलं. त्या आधी थबकल्या. म्हणाल्या, ‘पालकांना विचारावं लागेल.’ मग म्हणाल्या, ‘मला चालेल, पण शनिवारीच, सकाळची शाळा सुटायच्या आधी.’ मावशींनाही बोलावून विचारलं. त्यांचं एकच म्हणणं, बादल्या भरून मी देईन, नळापाशी पोरं घसरतात.

पालकसभा येत्या शुक्रवारी आहे. फुलेवाडीच्या ताई, तुमची शाळा वेगळी आहे हे माहीत आहे, तरी तुम्ही याल का? झाडूच्या बाजूने बोलायला मी आहे. तुम्ही जे लिहिलंत ते कुणीतरी त्या खोलीत आधी बोलायला हवं.

सईने रात्री जुना पंचा कापून चार फडकी शिवली, टाके वाकडेतिकडे आहेत. एकावर दोऱ्याने ‘बाई’ लिहिलंय, दोन्ही अक्षरांवर वेगवेगळी रेघ मारून.