मुलगी बाबाकडे गेली की दम्याचा पंप बंद, काय करू?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, आधीच सॉरी.

मी पुण्यात, नवरा (कागदावर अजून नवराच, म्युच्युअलची, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाची केस फॅमिली कोर्टात चालू आहे) चिंचवडला सासूबाईंजवळ. मुलगी ७ वर्षांची, माझ्याकडे असते, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तिकडे जाते, रविवारी रात्री परत. हे सगळं लिहून सह्या करून ठरवलंय, त्यात शाळेची फी आहे, दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी आहे, पण औषधपाण्याबद्दल एक ओळ नाही. तेव्हा सुचलंच नाही.

तिला दमा आहे. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ स्टिरॉइडचा पंप दिलाय, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, नंतर चूळ भरायची. निळा पंप वेगळा, तो फक्त धाप लागली तर. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते, वाढ खुंटते (डॉक्टर दर वेळी उंची मोजतात, पण ते कोण ऐकतंय), आणि दमा दमा सांगत फिरू नका, मुलीची जात आहे. नवऱ्याचंही तेच, फक्त जरा इंग्रजीत. तिकडे अडुळशाचा काढा आणि ओव्याची पुरचुंडी. काढ्याला माझी ना नाही हो, पण पंपाऐवजी?

मला कळलं कसं, तर पंपाच्या मागे किती डोस उरले तो आकडा असतो. शनिवारी बॅग भरताना ८६ होता, रविवारी रात्री बघते तर ८६च. विचारलं तर म्हणे "दिला की". मुलीला मुद्दाम नाही विचारलं, तिला साक्षीदार नाही करायचंय. मंगळवारी पहाटे ३ ला खोकत उठली, नाकपुड्या फुललेल्या, बरगड्यांमधे खळगे पडत होते, निळा पंप द्यावा लागला, शाळा बुडाली.

बोलायला गेलं की तो कायदा काढतो, ५ वर्षांपर्यंत आई, आता मीच पालक. मी वाचलं, १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात कलम ६ ला 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' आहे खरं, पण १९९९ ला गीता हरिहरन केसमधे सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही, आणि कलम १३ नुसार मुलाचं हित सगळ्यात वर. हे ऐकवलं तर "तू वकील झालीस का".

तर विचारायचं असं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली केस चालू असतानाही मुलांबद्दल हुकूम मागता येतो, तसा फक्त औषधापुरता अर्ज कुणी केलाय का? त्यामुळे म्युच्युअलच फिसकटेल अशी भीती वाटते. की आधी त्याला एकदा डॉक्टरांसमोर बसवू, सासूबाईंसकट?

शनिवार बंद कर असं प्लीज कुणी सांगू नका, ती शुक्रवारपासून बॅग भरून बसते. चौथा शनिवार चार दिवसांवर आलाय.