देवबागच्या खाडीत होडीची वेळ कशी ठरवावी?

प्रश्न (लातूर): आम्ही काही मित्र डिसेंबरातील एका शनिवारी मालवणजवळील देवबागला मुक्काम करून कर्ली नदीच्या खाडीत होडीने फिरणार आहोत. आमची ओळख मांजरा धरणाच्या पाण्याशी. भरती-ओहोटीचा अनुभव कोणालाच नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (परभणी): वेळ मुक्कामाच्या सोयीने नव्हे, भरती-ओहोटी पाहून ठरवा. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शनिवारी सोयीची वाटलेली वेळ रविवारी जशीच्या तशी लागू पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा नदी समुद्राला मिळते त्या संगमापाशी पाण्याला फार ओढ असते. उत्तम पोहणाऱ्यानेही तेथे उतरू नये, ही कळकळीची विनंती.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): सहमत. सुनामी बेट म्हणतात तो वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो व भरतीत पाण्याखाली जातो. आम्ही तेथे उभे असताना पाणी घोट्यावरून पोटरीकडे चढू लागताच नावाड्याने सर्वांना होडीत बसवले. आणखी थोडा वेळ मागणाऱ्या मित्राचे त्याने ऐकले नाही, हे योग्यच झाले. लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र धक्क्यावरच आवळून पाहावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अमावास्या-पौर्णिमा टाळून तारीख ठरवतो आणि नावाड्याशी आधी बोलून घेतो.