नव्या शिल्प निदेशकाला मार्गदर्शन कोठे मिळेल?

प्रश्न: आयटीआयमध्ये जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणारा शिक्षक, म्हणून मी नुकताच रुजू झालो आहे. कारखान्यातील अनुभव गाठीशी आहे. परंतु वीस मुले एकाच वेळी कानस चालवत असताना कोणाकडे लक्ष द्यावे, हे उमगत नाही.

उत्तर १: एक वर्षाचा सीआयटीएस, म्हणजे शिल्प निदेशकांना शिकवण्याचे प्रशिक्षण देणारा, अभ्यासक्रम अवश्य करावा. मुंबईच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो चालतो.

उत्तर २: अभ्यासक्रम हवाच, पण माझ्या मते त्याहून मोठी गरज शेजारच्या कार्यशाळेतील अनुभवी निदेशकाची आहे. त्यांना आठवड्यातून एकदा आपल्या प्रात्यक्षिकाला बोलवावे आणि व्हाइसचा (काम घट्ट पकडून ठेवणाऱ्या साधनाचा) जबडा मुलांच्या कोपराच्या उंचीला येतो का, कानस परत आणताना ती मुले दाब सोडतात का, एवढेच पाहायला सांगावे.

उत्तर ३: सहमत. मात्र ही निरीक्षणे निदेशकाच्या कामगिरीच्या गोपनीय अहवालात जाता कामा नयेत. अन्यथा कोणीही मोकळेपणाने अडचण सांगणार नाही.